धक्क्यावरची हॅट

"नाही हो, मला खिडक्या बदलायच्या नाहीत," बेरिल पेनफोल्डनं फोनवर सांगितलं. "आहेत त्या उघडतात आणि लागतात. तेवढं पुरे."

पलीकडची बाई हसली. "मिस पेनफोल्ड, मी खिडक्या विकत नाही. मी जुने सिनेमे दुरुस्त करते. माझं नाव डिलिस प्रॉसर. 'द सेंट ब्रॅनक बोट'वर तुम्ही काम केलं होतंत ना?"

बेरिलनं रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली मॉईरा चहात बिस्कीट बुडवता बुडवता थांबली.

"काम नका म्हणू," बेरिल म्हणाली. "चूक केली होती."

ती चूक साऱ्या इंग्लंडला ठाऊक होती. बेरिलचं नाव मात्र फारसं कुणाला माहीत नव्हतं, हे तिचं नशीब. नाताळच्या दुपारी, जेवणं आटोपून माणसं सोफ्यावर पेंगायला लागली की टीव्हीवर हा सिनेमा ठरलेला. कॉर्नवॉलमधल्या एका बंदराचा अधिकारी, मानी आणि हेकट म्हातारा. मुलीनं त्याच्या मनाविरुद्ध एका खलाशाशी लग्न केलेलं, म्हणून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलेलं. शेवटी ती कायमची देश सोडून निघते आणि बोट सुटायच्या वेळी म्हातारा धक्क्यावर येतो. दुरून दिसतो तेव्हा त्याच्या डोक्यावर हॅट असते. कॅमेरा जवळ जातो तेव्हा हॅट हातात आणि पांढरे केस वाऱ्यावर. पुढच्याच क्षणी मुलगी धावत येऊन मिठी मारते तर हॅट पुन्हा डोक्यावर! घरोघरची पोरं टीव्हीकडे बोट दाखवून ओरडायची, "हॅट! हॅट!" पेपरात दरवर्षी कुणीतरी त्यावर चार विनोदी ओळी लिहायचंच.

आणि चित्रीकरणाच्या एका तुकड्यात डोक्यावर असलेली हॅट दुसऱ्या तुकड्यातही डोक्यावरच आहे ना, हे पाहणं हेच तर त्या सिनेमात बेरिलचं काम होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

"गुरुवारी लंडनला बोलावलंय," फोन ठेवून ती मॉईराला म्हणाली. "सिनेमा नव्यानं धुऊनपुसून काढलाय. लोकांना घरी बघायला त्याची डिस्क निघणार आहे. त्या वेळच्या माणसांपैकी आता मी एकटीच उरलेय म्हणे. कॅमेऱ्यासमोर चार शब्द बोला म्हणतात."

"मग बोल की!"

"काय बोलू? मीच ती आंधळी म्हणून?"

मॉईरा वरच्या मजल्यावर राहायची. बसड्रायव्हरची विधवा, मूळची ग्लासगोची, आणि तोंडाला फाटक नसलेली. "अगं, एवढ्या वर्षांनी कोण फाशी देणार आहे तुला? नवा निळा कोट घाल. मी येते बरोबर. जाण्यायेण्याचं भाडं ते देणार असतील तर जेवणही काढू त्यांच्याकडून."

बेरिल हसली खरी, पण रात्री तिला झोप लागली नाही. पोस्टाच्या खिडकीमागे तिनं तीस वर्षं काढली होती. बेक्सहिल या तिच्या गावातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या हातून पेन्शन घेऊन गेली होती. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाचा कुत्रा गेला, कुणाचा लेक ऑस्ट्रेलियाहून येणार म्हणून आलाच नाही, सगळं तिला ठाऊक असायचं. त्यातल्या एकालाही तिनं सिनेमाचं नाव सांगितलं नव्हतं. मॉईरालासुद्धा एका नाताळात, शेरीचा दुसरा ग्लास झाल्यावर, चुकून सांगून गेली होती.

डिलिस प्रॉसर चाळिशीतली वेल्श बाई निघाली. आखूड केस, कोपरावर विरलेला स्वेटर, आणि दिवसभर पडद्याकडे बघून लाल झालेले डोळे. तिनं दोघींना एका लहानशा अंधाऱ्या खोलीत नेलं. समोर भिंतभर पडदा, मागे मऊ खुर्च्या.

"मूळ निगेटिव्ह एका गोदामात पडलं होतं," ती सांगू लागली. "आकसलेलं, वाकडं झालेलं, आणि चौथ्या रिळाला तर बुरशी. त्या रिळाची बरी प्रत शेवटी डेन्मार्कमध्ये सापडली. मग आम्ही एकेक फ्रेम घेऊन बसलो. ओरखडे काढले, धूळ काढली. वर्ष गेलं त्यात. माझ्या नवऱ्याला आता हा सिनेमा नकोसा झालाय. झोपेत मी त्यातले संवाद बोलते म्हणे."

"आणि तुम्हाला?" बेरिलनं विचारलं.

"मला?" डिलिसनं जरा विचार केला. "माझे वडील कार्डिफच्या गोदीत होते. आम्ही दोघं काही वर्षं बोलत नव्हतो. ते गेले तेव्हाही नाही. मला हा सिनेमा नकोसा कसा होईल?"

मग तिनं दिवा मालवला.

बेरिलनं हा सिनेमा कितीदा पाहिला असेल. पण टीव्हीवर, राखाडी भुरभुरीतून. आता पडद्यावर समुद्र उजळला आणि तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. लाटेवरचा प्रकाश दिसत होता. दोरखंडाचा पीळ दिसत होता. धक्क्याच्या दगडांवरचं शेवाळ ओलं आहे हे कळत होतं. तिथला वारा तिला घोट्यापाशी लागल्यासारखा वाटला. कोणत्या दगडामागे दिवे सांभाळणाऱ्या विजेवाल्यांची मंडळी सिगारेट ओढत बसायची तेही तिला आठवलं.

आणि सेड्रिक ऑल्डरटन आले. बंदराच्या अधिकाऱ्याच्या वेषात, हॅट घातलेले.

चित्रीकरणाच्या पहिल्याच दिवशी, भर समुद्रात, बेरिलला बोट लागली होती. सगळ्यांदेखत ती कठड्यावरून ओकली होती आणि विजेवाली पोरं पोट धरधरून हसली होती. तेव्हा हे ऑल्डरटन, सत्तरीचे, नाटकातले जुने मोठे नट, शांतपणे उठून तिच्या शेजारी कठड्याशी आले, वाकले, आणि आपल्या त्या गडगडाटी आवाजात असे काही ओकल्याचे आवाज काढू लागले की हसणाऱ्यांचं हसू जागीच थिजलं. दिग्दर्शक रॅडनॉर धावत आले. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची. सगळी बोट म्हाताऱ्याभोवती गोळा झाली आणि बेरिलकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. गडबड ओसरल्यावर त्यांनी रुमालानं कोरडंच तोंड पुसत तिच्या कानाशी म्हटलं होतं, "चाळीस वर्षं नाटकं केली, पोरी. पण एवढी झकास ओकारी आजच जमली."

त्या दिवसापासून कुणी तिला हसलं नाही.

पण त्यांचं स्वतःचं काहीतरी बिघडत चाललं होतं. वाक्यं निसटायची. बोलता बोलता ते थांबायचे आणि समोरच्या माणसाकडे असे बघायचे की जणू तोच काही विसरलाय. विमा कंपनीचा एक माणूस रोज छत्री घेऊन कोपऱ्यात उभा राहायचा. आणखी एक दिवस वाया गेला तर म्हाताऱ्याला घरी पाठवायचं आणि दुसरा नट आणायचा, असं ठरल्याचं सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं.

धक्क्यावरचा प्रसंग आला तेव्हा मिठी सकाळीच चित्रित झाली होती, दुरून येणं दुपारी. दोन्हीकडे हॅट डोक्यावर. राहिलं होतं ते जवळून घ्यायचं बोलणं. उजेड उतरत होता, ओहोटी लागली होती आणि भाड्याची बोट संध्याकाळी परत जायची होती. ऑल्डरटन पुन्हा पुन्हा अडखळत होते. रॅडनॉर दर वेळी थंडपणे "पुन्हा" म्हणत होते. छत्रीवाला घड्याळ बघत होता.

आणि मग एका वेळी जमलं. कॅमेरा सुरू झाला तसा म्हाताऱ्याचा हात आपोआप वर गेला. त्यांनी हॅट काढली, छातीशी धरली आणि बोलले. "तुला अडवायला नाही आलो मी. हवा कशी आहे ते बघायला आलो होतो." मग त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "हवा चांगली आहे. जा तू."

विजेवाल्यांतला एक जण तोंड फिरवून उभा राहिला.

"बेरिल!" रॅडनॉरनी विचारलं. "सगळं ठीक?"

बेरिलनं हॅट पाहिली होती. एक शब्द बोलली असती तर "पुन्हा" झालं असतं. ते पुन्हा कधी जमलं नसतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. छत्रीवाला एक पाऊल पुढे आला होता.

"ठीक आहे, सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खाणावळीत न्याहारीला ऑल्डरटन तिच्यासमोर येऊन बसले. वाडग्यातली ओटची लापशी ते बराच वेळ नुसतीच ढवळत राहिले.

"काल मी हॅट काढली का गं?"

"हो, सर."

"काढायची नव्हती."

"नव्हती, सर."

"तू पाहिलंस?"

"तेच माझं काम आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला काढल्याचं आठवतच नाही," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. आपल्या नातीएवढ्या पोरीकडे बघताना त्यांच्या डोळ्यांत उघडं भय होतं. "हे कुणाला कळू देऊ नकोस."

"मी काही पाहिलंच नाही, सर."

त्यांनी मान हलवली. मग आपल्या ताटातला भाजलेला मासा उचलून तिच्या ताटात ठेवला आणि बाहेर निघून गेले.

आठवड्यानं लंडनमध्ये चित्रीकरण पडद्यावर पाहिलं गेलं तेव्हा रॅडनॉर सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. देवानं डोळे दिलेत ते कशाला, असं विचारलं. ती म्हणाली, "माझ्या नजरेतून निसटलं." पुन्हा चित्रित करायला बोट नव्हती, पैसे नव्हते, आणि ऑल्डरटन अंथरुणाला खिळले होते. तो तुकडा तसाच राहिला. सिनेमा लागला त्या वसंतात म्हातारे गेले. पेपरांनी लिहिलं, अखेरच्या भूमिकेपर्यंत शब्द न् शब्द मुखोद्गत असलेला नट. बेरिलला पुढचं काम कुणी दिलं नाही. आई आजारी होती, बेक्सहिलच्या पोस्टात जागा होती. ती तिकडे गेली.

पडद्यावर समुद्र मावळला आणि डिलिसनं दिवा लावला. मॉईरा नाक शिंकरत होती.

"एक गोष्ट दाखवायची आहे," डिलिस जरा चाचरत म्हणाली. "हे मी माझ्या वेळात केलंय. रागावू नका. तुमच्याबद्दल मी थोडं वाचलं होतं, त्या चुकीनंतर तुम्हाला काम मिळालं नाही असं. मला वाटलं, आता आपल्या हातात आहे तर…"

तिनं तोच प्रसंग पुन्हा लावला. म्हातारा दुरून आला. कॅमेरा जवळ गेला. आणि त्याच्या डोक्यावर हॅट होती.

"दुसऱ्या फ्रेममधली हॅट उचलून इथे बसवली," डिलिस म्हणाली. "हातातली पुसून टाकली. कुणाला कळणारही नाही. डिस्क काढणारी कंपनी म्हणते, दोन्ही चालेल. खरं तर हे दिग्दर्शकाला विचारायचं असतं, पण ते नाहीत. तुम्ही आहात. तुम्ही हो म्हणालात तर डिस्कवर हेच जाईल. पुन्हा कुणी हसणार नाही."

"बघ!" मॉईरानं बेरिलला कोपरानं ढोसलं. "सुटलीस की गं!"

एवढ्या वर्षांत कुणी बेरिलसाठी असं काही केलं नव्हतं. ही परकी पोरगी, लाल डोळ्यांची, संध्याकाळी घरी जायचं सोडून तिच्या नावावरचा डाग पुसत बसली होती. बेरिलनं डिलिसच्या हातावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

"परत एकदा लाव," ती म्हणाली.

म्हातारा बोलला, "तुला अडवायला नाही आलो मी." हॅटच्या कडेची सावली त्याच्या कपाळावरून खाली उतरली होती. डोळे दिसत नव्हते. एक करारी अधिकारी धक्क्यावर उभा राहून हवेबद्दल बोलत होता.

"आता मूळचं."

म्हातारा बोलला. उघड्या डोक्याचा, केस विस्कटलेला, हॅट छातीशी धरलेला. जन्मभर कुणापुढे न वाकलेला माणूस पोटच्या पोरीपुढे बोडका उभा होता. त्याचे डोळे आता स्वच्छ दिसत होते. त्यात पाणी होतं आणि भीतीही होती.

बेरिल खुर्चीत पुढे सरकली. दया आली म्हणून आपण एका म्हाताऱ्याची चूक पदरात घेतली, असंच ती आजवर समजत आली होती. बरं केलं असं वाटायचं, पण सिनेमाचं नुकसान केलं असंही वाटायचं. भुरभुरत्या टीव्हीवर तिला फक्त हॅट दिसायची. डोळे कधी दिसलेच नव्हते.

"अगं बाई," ती स्वतःशीच पुटपुटली. "बरोबर होतं ते."

"काय बरोबर?" मॉईरानं विचारलं.

"हॅट काढली म्हणून तर ती पोर धावत येते! नाहीतर कशाला येईल? हवेचं ऐकून?" ती डिलिसकडे वळली. "तू जे केलंस ना मुली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण काढ ती हॅट. लोकांना हसू दे."

डिलिसनं तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "मलाही तेच वाटत होतं," ती म्हणाली. "पण ते मी कसं म्हणणार?"

दुपारी शेजारच्या खोलीत कॅमेरा लावला गेला. बेरिलच्या निळ्या कोटाला छोटासा माइक टोचला. डिलिस कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारत होती. थंडी कशी होती, जेवायला काय असायचं, रॅडनॉर कसे होते. बेरिलनं बोट लागल्याची गोष्ट सांगितली तेव्हा कॅमेरावाला हसला आणि ते सगळं पुन्हा सांगावं लागलं.

"आणि ती हॅट?" डिलिसनं शेवटी विचारलं. "ती चूक कुणाची?"

मॉईरा दारात उभी होती. तिलाही आता उत्तर ऐकायचं होतं.

"माझी," बेरिल म्हणाली. "लक्ष ठेवायचं काम माझं होतं, आणि माझ्या नजरेतून निसटलं. मि. ऑल्डरटन यांचा त्यात काही दोष नाही. त्यांना त्या दिवशी आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. त्यांच्यासारखा नट मी पाहिला नाही, आणि त्यांच्यासारखा माणूसही. त्यांच्याबरोबर महिनाभर काम करायला मिळालं. एवढं पुष्कळ झालं मला."

कॅमेरा बंद झाला. कॅमेरावाला तारा गुंडाळत बाहेर गेला. डिलिस माइक काढायला वाकली आणि हळूच म्हणाली, "खरंच निसटलं होतं का हो?"

बेरिलनं कोटाचं बटण लावलं. "माझी नजर त्या काळी फार तेज होती, मुली," ती म्हणाली. "आता चहा मिळेल का? मॉईरा केव्हाची केकच्या वाटेकडे डोळे लावून बसलीय."

शरद संपता संपता डिस्क आली. मॉईराच्या भाच्यानं टीव्हीला यंत्र जोडून दिलं होतं. मॉईरानं पाय स्टुलावर ठेवले, मांडीवर शेंगदाण्यांचं वाडगं घेतलं आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बडबड चालू ठेवली. हा नट पुढे दारूत बुडाला, ती नटी नवऱ्यापेक्षा उंच होती, हे घर कॉर्नवॉलचं नाहीच मुळी.

बोट सुटायची वेळ झाली तशी बेरिल चहा करायला आत गेली. किटली उकळली. तिनं कप मांडले, दूध घातलं, ट्रे उचलून बाहेर निघाली आणि दारातच थांबली.

मॉईरा गप्प झाली होती. शेंगदाण्यांत घातलेला तिचा हात तिथेच राहिला होता.

पडद्यावर म्हातारा बोलत होता. बेरिल ट्रे हातात घेऊन दारातच उभी राहिली. कप बशीवर वाजू लागले होते. तिनं ट्रे छातीशी टेकवून तो आवाज थांबवला, आणि त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.